वाचणाऱ्यास सूचना

बफेलो, ४ ऑक्टोबर १९९८

शायिफ हिझाम यास नाजी मुकबिलचा सलाम.

वाचणाऱ्यास सूचना: हे पत्र मोठ्याने, सावकाश आणि ऐकणाऱ्याच्या उजव्या बाजूस बसून वाचावे, कारण पोलाद कारखान्याच्या कोक भट्टीवर बावीस वर्षे काढल्यामुळे त्याचा डावा कान निकामी झालेला आहे. स्वल्पविरामाशी थोडे आणि पूर्णविरामाशी पुरते थांबावे. एकही वाक्य गाळू नये. जे समजणार नाही ते स्वतःच्या अकलेने भरून न काढता जसे आहे तसे वाचावे. आपण कोण आहात हे मला ठाऊक नाही. शायिफच्या आसपास शुद्ध अरबी वाचणारे कोणी असेल अशी माझी फारशी अपेक्षाही नाही. तरी जो कोणी असेल त्याने हे मनावर घ्यावे.

शायिफ, अकरा वर्षांनी लिहितो आहे. तू मला न सांगता कॅलिफोर्नियास निघून गेलास, ही गोष्ट मी मनात ठेवलेली नाही. पत्ता मशिदीतल्या सालिहने दिला. देताना म्हणाला, "मास्तर, कशाला लिहिताय? तो फाडून टाकील." मी त्याला सांगितले की फाडण्याआधी आत काय आहे हे त्याला कोणाकडून तरी वाचून घ्यावेच लागेल, ती त्याची जुनी अडचण आहे.

आता इथली हकिकत. कारखान्याच्या सहा धुराड्यांपैकी शेवटचे ऑगस्टात पाडले. पहिले पाडले तेव्हा लोक खुर्च्या आणि डबे घेऊन बघायला आले होते. या वेळी एक पोलीस, मी आणि एक कुत्रे एवढेच होतो. तांबडी धूळ आता पडत नाही. बायका म्हणतात, दोरीवरचे कपडे हल्ली पांढरेच्या पांढरे राहतात. दोरीवर कपडे मात्र थोडे दिसतात, कारण रुळांपलीकडच्या आपल्या गल्लीतल्या एकेचाळीस घरांपैकी सतरा घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या आहेत. पोलिश लोकांचे चर्च गेल्या महिन्यात बंद झाले. त्याची घंटा टेक्ससमधल्या कुणी विकत नेली.

स्ताशेक आठवतो ना? तुमच्या पाळीवरचा मुकादम, ज्याने वीस वर्षे आपल्याला "ए उंटवाले" याखेरीज दुसरी हाक मारली नाही. त्याचे सगळे लोक उपनगरांत गेले. आता तो रोज दुपारी माझ्या पायरीवर येऊन वेलदोड्याचा चहा पितो. परवा म्हणाला, "नाजी, तुमच्यात कोणी मेलं की बायका मोठ्यानं रडतात म्हणे?" मी म्हणालो, रडतात. "मग मी गेलो की दोन-चार उसन्या देशील? आमच्यात आता कोणी उरलं नाही रे."

महापालिकेने या वर्षी एक माहितीपुस्तिका काढली आहे. बाहेरच्या उद्योजकांनी या शहरात यावे म्हणून ती छापली. करात सूट, स्वस्त जमीन, भरपूर पाणी, कष्टाळू मनुष्यबळ अशी तिच्यात प्रकरणे आहेत, आणि एक प्रकरण इथल्या लोकांच्या विविधतेवर आहे. त्याच्या छायाचित्रासाठी मला बोलावले. मला डोक्यास रुमाल बांधायला लावला. स्ताशेकला नक्षीचे जाकीट घातले, जे त्याने जन्मात कधी घातले नव्हते. पोर्तोरिकोच्या एका म्हाताऱ्याच्या हातात गिटार दिली आणि एका काळ्या गृहस्थास ढोलापुढे बसवले. हा गृहस्थ तीस वर्षे क्रेन चालवत होता. छायाचित्रकार म्हणाला, "हसा, हसा, हीच तर या शहराची श्रीमंती!" आम्ही चार देशांचे चार बेकार हसलो. छायाचित्र चांगले आले आहे. त्याच्या खालच्या ओळीत दोन चुका आहेत. मी कळवल्या, उत्तर आले नाही.

माझी प्रकृती बरी नाही. फुप्फुसांबद्दल डॉक्टर वसंत ऋतूपर्यंतच्या गोष्टी बोलतात, त्यापुढच्या बोलत नाहीत.

एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. तुझ्या मुलाच्या, तौफीकच्या, दफनास मी आलो नाही, कारण त्या दिवशी मला ताप होता. एकशे तीन. हे तुला तेव्हाच कळवायला हवे होते.

नाजी

बफेलो, २२ नोव्हेंबर १९९८

शायिफ हिझाम यास नाजी मुकबिलचा सलाम.

वाचणाऱ्यास सूचना पूर्वीप्रमाणेच.

तुझे उत्तर पोहोचले. त्यात सात चुका आहेत आणि त्यांतल्या दोन अक्षम्य आहेत. त्या मी तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवणार होतो. परंतु लाम या अक्षराच्या शेपटीशी माझी नजर अडली. ती शेपटी टोकाशी आत वळते. तशी ती मी काढतो, आणि माझ्याखेरीज फक्त एका मुलीला मी तशी काढायला शिकवली होती. तुझ्या दुकानात, रिकाम्या दुधाच्या पेटीवर बसून, पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. अरवा, तू आता अठरा वर्षांची असशील. तुझे अक्षर सुधारण्यासारखे आहे.

शायिफ, तू सांगितलेस आणि तिने जसेच्या तसे लिहिले, म्हणून मीही जसेच्या तसे उतरवतो: "मास्तर, ताप होता म्हणतोस. लाकडाचे तळवे बुटाला बांधून मी बावीस वर्षं भट्टीच्या छपरावर चाललो, मला तू तापाचं सांगतोस? ताप आलेला माणूस कोट घालून फुलवाल्याच्या दुकानासमोर उभा राहतो का? पोरीच्या आईनं तुला बघितलं होतं. पोरगी विचारतेय, आजोबा, हेपण लिहू का? म्हटलं लिही. एकही वाक्य गाळायचं नाही, मास्तरचा हुकूम आहे."

ताप नव्हता.

मी मशिदीपलीकडच्या त्या फुलवाल्याच्या दुकानासमोर पाऊण तास उभा होतो. तुम्ही तौफीकला गाडीतून उतरवलेत, नमाजासाठी रांगा लावल्यात, आणि तू मागे वळून एकदा गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलेस. कोणाची वाट पाहत होतास हे मला समजले. तरी मी रस्ता ओलांडला नाही. हे मी तुझ्याकडून माफी मिळावी म्हणून लिहीत नाही. का ओलांडला नाही हे सांगितल्यावाचून ती मागता येत नाही, आणि ते मी पुढच्या पत्रात सांगणार आहे.

आज त्याच्या अलीकडचे सांगतो. रविवारी आपल्या खानावळीच्या स्वयंपाकघरात बारा जण एका परातीतून जेवत. परात उचलली की त्या जागी मी दौत ठेवीत असे. तुम्ही एकेक जण समोर बसायचात. भट्टीतला विस्तव उघड्या तोंडाशी पाहणारे पुरुष, पण बायकोस काय लिहायचे हे दहा जणांच्या देखत बोलताना घाम फुटायचा. "लिही, मी बरा आहे. म्हशीला काय झालं ते विचार." उरलेले मी माझ्या पदरचे घालीत असे. गावाहून उत्तर येई तेव्हा बायका म्हणत की, नवऱ्याला इतके गोड बोलता येते हे परदेशी गेल्यावर कळले.

उत्तरे वाचणाराही मीच होतो. वाचताना काही वाक्ये मी पोटात ठेवीत असे. कोणाचा भाऊ जमिनीवरून काय बोलला, कोणाच्या घरात काय कुजबुज चालू आहे, हे भर स्वयंपाकघरात वाचण्याजोगे नसते. तुझी आई वारल्याचे पत्र सोमवारी आले आणि मी ते तुला गुरुवारी वाचून दाखवले, कारण त्या आठवड्यात तू भट्टीच्या छपरावरची झाकणे उचलण्याच्या कामावर होतास आणि डोळ्यांत पाणी असलेल्या माणसाचा त्या छपरावर पाय चुकतो. तुला नंतर कळले तेव्हा तू माझ्या कपाळाचे चुंबन घेतलेस. म्हणालास, "मास्तर, काय वाचायचं यापेक्षा काय नाही वाचायचं, ते तुला जास्त कळतं."

ही शाबासकी मला पचली नाही. हे तू लक्षात ठेवावेस.

पुढचे पत्र अरवाने वाचू नये, ही माझी विनंती आहे. तुमच्या मशिदीतल्या इमामाकडून किंवा कोणा परक्याकडून ते वाचून घ्यावे. कारण विचारू नये.

नाजी

बफेलो, १० जानेवारी १९९९

शायिफ हिझाम यास नाजी मुकबिलचा सलाम.

तू कळवतोस: "पोरगी माझे डोळे आहेत. तिच्यापुढं बोलता येत नसेल तर बोलूच नकोस. इमामाला मी माझी घरची पत्रं देत नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही."

ठीक आहे. मी आणखी थांबू शकत नाही. डॉक्टरांचा हिशेब बहुधा बरोबर ठरणार आहे. वाचणाऱ्यास सूचना: एकही वाक्य गाळू नये. अरवा, ही या वेळी सूचना नाही, याचना आहे.

१९८२च्या नाताळानंतर कारखाना बंद होणार असल्याचे जाहीर झाले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक कामगाराच्या घरी टपालाने एकेक लिफाफा आला. पोलिश लोकांनी आपापले लिफाफे आपापल्या घरी फोडले. आपले नऊ जण, सगळे कोक भट्टीवरचे, बुटांवर बर्फ घेऊन माझ्याकडे आले. पहिला लिफाफा तुझा होता. कागद इंग्रजीत होता. मी तो मनात एकदा वाचला आणि मग तुम्हा सर्वांस आपल्या भाषेत सांगितला. पहिला परिच्छेद, कारखाना बंद होत असल्याचा. दुसरा, शेवटच्या दिवसाचा. तिसरा, औषधपाण्याच्या कार्डांचा. त्यानंतर मी पाचवा वाचला. त्यात कंपनीने तुमच्या सेवेबद्दल आभार मानले होते.

तू विचारलेस, "इतकंच?"

मी म्हणालो, "इतकंच."

चौथा परिच्छेद असा होता: कोक भट्टीवर पंधरा वर्षांहून अधिक काम केलेल्या कामगारांनी तीस दिवसांच्या आत लेखी कळवल्यास त्यांना इंडियानातील कारखान्याच्या भट्टीवर त्याच कामावर, सेवा खंडित न होता, घेतले जाईल.

मी तो गाळला. नऊ लिफाफे होते. नऊ वेळा गाळला.

एवढ्यावर थांबता आले असते तर मी स्वतःस विसराळू म्हणवून घेतले असते. परंतु बारा दिवसांनी तू पुन्हा आलास. ओडेल तुझ्या जोडीला झाकणे उचलीत असे. मोठ्याने हसणारा तो काळा माणूस. तू दारातच म्हणालास, "मास्तर, ओडेल इंडियानाला चाललाय. म्हणतो, शायिफ, तूपण नाव दे, तिथंही भट्टी हीच आणि शिव्यापण ह्याच. आपल्या कागदात असलं काही होतं का रे?"

तेव्हा अठरा दिवस शिल्लक होते. कागद माझ्या पेटीत होता. मला एवढेच म्हणायचे होते, "थांब, पुन्हा बघतो." त्याऐवजी मी म्हणालो, "तो त्यांच्या लोकांशी झालेला वेगळा करार आहे. आपल्या लोकांना नाही."

आणि तू ते मानलेस. अडाणी होतास म्हणून मानलेस असे नाही. आपल्या कारखान्यात कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या होत्या, पोलिश लोकांची कामे वेगळी, काळ्यांची वेगळी, आपली वेगळी. सुट्टी कोणाला कधी आणि शिवी कोणाला कोणती, हेही वेगळे होते. प्रत्येक जमातीसाठी निराळा नियम असणारच, हे आपण सर्वांनी इतके गृहीत धरले होते, की सर्वांस सारखा लागू असलेला एक कागद आपल्या हातात आहे, हे तुझ्या मनातही आले नाही. तू मान हलवलीस आणि म्हणालास, "मला वाटलंच. चांगलं असलं की ते दुसऱ्यांचं असतं." मी माझे खोटे तुझ्या या अनुभवावर टेकवले, आणि ते पक्के उभे राहिले.

का, हे तू विचारशील. बरीच वर्षे मी स्वतःस सांगत होतो की, मशिदीसाठी. नऊ घरे गेली तर शुक्रवारी रांग भरणार नाही, मुलांचा वर्ग मोडेल, असे. हे खोटे नाही, पण हे कारणही नाही. मी वजनकाट्यावरचा कारकून होतो आणि माझी तेरा वर्षे भरली होती. त्या परिच्छेदात मी बसत नव्हतो. तुम्ही गेला असता आणि मी राहिलो असतो. शायिफ, लिहिता-वाचता येणाऱ्यांच्या गावात मी कोण होतो? एक काटकुळा, खोकणारा, दुसऱ्यांच्या चुका काढणारा मनुष्य. तुमच्या स्वयंपाकघरात मात्र मी मास्तर होतो. तुम्हाला वाचता येत नव्हते, यावर माझी सारी प्रतिष्ठा उभी होती. आणि तू गेल्यावर रविवारी त्या परातीच्या जागी दौत कोणासाठी ठेवायची, हे मला सुचेना. एवढ्यासाठी मी तो परिच्छेद गाळला.

पुढचे तुला माहीत आहे. परंतु या पत्रात काहीही गाळायचे नाही असे मी ठरवले आहे. वर्षभर तू काम शोधलेस. पोलादाखेरीज या शहराला काही येत नव्हते, आणि पोलाद गेले होते. मग शहराच्या पूर्व भागातले, कुबियाक नावाच्या म्हाताऱ्याचे कोपऱ्यावरचे दुकान तू घेतलेस. तो मुलाकडे उपनगरात जाणार होता. कराराचा कागद मीच वाचला, अक्षर न् अक्षर. दुकान एकट्याने चालेना, म्हणून तू तौफीकला बायकोमुलीसह गावाहून बोलावलेस. ते पत्रही मीच लिहिले. "ये, इथे दुकान आहे, आपले आहे," असे तू सांगितलेस, आणि मी त्यास चार ओळी पदरच्या जोडल्या. त्या अशा गोड होत्या की तौफीक ते पत्र खिशात घालून विमानतळावर उतरला. गल्ल्यापुढे जाड काच बसव, असे सगळे सांगत होते. तू म्हणालास, "काचेतनं हालहवाल कसा विचारायचा?" गिऱ्हाइकांना ते आवडे. शेजारच्या काळ्या बायका तौफीकला नावाने हाक मारीत; त्यांतल्या एकीने, तो गोळी लागून पडला तेव्हा, रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचे डोके मांडीवर धरले होते. ३ जून १९८७, दुपारी सव्वाचार. गल्ल्यात थोडेसेच होते. मारणारा कोण हे कधी कळले नाही.

ओडेल इंडियानास गेला. तिथे चौदा वर्षे काम करून निवृत्त झाला. दर नाताळात त्याचे कार्ड येते. गेल्या कार्डावर लिहिले होते, घरामागे टोमॅटो लावले आहेत, शायिफला सांग.

तुझा तो कागद सोबत जोडला आहे. चौथ्या परिच्छेदाखाली मी रेघ मारलेली नाही. तो कोणासही वाचता येईल.

रांगेत तुझ्या खांद्याला खांदा लावून उभे राहणे मला शक्य नव्हते. म्हणून मी रस्ता ओलांडला नाही.

नाजी

बफेलो, २१ फेब्रुवारी १९९९

अरवा तौफीक हिला.

हे पत्र तुला आहे. ते मोठ्याने वाचायचे नाही.

तुझ्या आजोबांचे उत्तर मिळाले. ते मी तीनदा वाचले. ते म्हणतात: "अरे वेड्या, मुडद्याला भितोस हे सांगायला अकरा वर्षं लागली? सदुसष्ट साली ईदची मेंढी कापताना अंगणातनं पळालेला तूच ना! मी तुझ्यावर उगाच राग धरला. पोरगी वाचत होती आणि मी हसत होतो. ये मास्तर, मरायच्या आधी एकदा ये. इथं बर्फ नाही. बसनं तीन दिवस लागतात, येताना आपल्या जुन्या बेकरीचा तिळाचा पाव आण, असला तर. तुझ्याशिवाय मला कोणी माझं पत्र नीट वाचून दाखवलेलं नाही."

मृतदेहास मी भितो, असे वाक्य माझ्या पत्रात नव्हते. ते तुझे आहे. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष असणार, कारण त्याने ते ऐकताच मानले.

त्यासोबतची तुझी चिठ्ठीही वाचली. तू लिहितेस:

"मास्तर, आधीच्या पत्रातलं 'ताप नव्हता' वाचलं, आणि या वेळी 'कारखाना बंद होणार' इथपर्यंत वाचलं. मग माझे डोळे पुढे गेले आणि तोंड थांबलं. आजोबा म्हणाले, काय झालं, अक्षर लागत नाही का? मी म्हटलं, हो, मास्तरांचा हात थरथरलाय. मग मी माझ्या मनानं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, इतकंच? मी म्हटलं, इतकंच. तुमचा कागद मी वाचला. इंग्रजी आहे, मला सगळं समजलं. तो माझ्या वहीत आहे आणि तिथंच राहील. आजोबा म्हणतात, अब्बांचं नशीब तेवढंच होतं. ते त्यावर झोपतात. तुमचं ओझं हलकं व्हावं म्हणून मी त्यांची झोप देणार नाही. तुम्हाला माफ करणं माझ्या हातात असलं तरी मला ते करायचं नाही. त्यांना तुम्ही हवे आहात, तर या. चहा प्या, गप्पा मारा, गप्प राहा. ते सांगायचं असेल तर येऊ नका."

तुझ्या चिठ्ठीत एकही चूक नाही.

प्रथम मला संताप आला. एकही वाक्य गाळू नये असे मी तीन पत्रांत तीनदा लिहिले होते. मी तुला लिहायला बसलो आणि पहिली ओळ लिहिली: "वाचणाऱ्यास हा अधिकार कोणी दिला?" मग ती ओळ मी बराच वेळ पाहत राहिलो.

तो तुला मीच दिला. लामाच्या शेपटीबरोबर.

तुझ्यात आणि माझ्यात एक फरक आहे, आणि तो मी स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी तू स्वतःस माझ्या ओळीत बसवणार नाहीस. तू ते त्याच्यासाठी गाळलेस. मी स्वतःसाठी गाळले होते. बाहेरून दोन्ही सारखे दिसते; ऐकणाऱ्यास तर मुळीच फरक कळत नाही. तरीही एक सांगतो: हे ओझे आता तू उचललेस, आणि ते वर्षांनी हलके होत नाही. मी सोळा वर्षे वजन करून पाहिले आहे. काट्यावर होतो, ते काम मला येते.

मी येणार नाही. बसचे वेळापत्रक मी आणले होते. बेकरीही अजून आहे, ती आता एक बांगलादेशी चालवतो आणि तिळाचा पाव करतो. परंतु शायिफपुढे बसलो तर दोनपैकी एक होईल. मी तू घातलेली अट मोडीन. किंवा त्याच्या हातचा चहा घेईन, तो मला मास्तर म्हणेल, आणि ज्या माणसाचे सगळे मी घेतले त्याच्याकडून मी हेही घेईन. पहिले तुला नको आहे. दुसरे मला परवडत नाही.

पुढच्या पत्रात मी त्याला न येण्याचे एक कारण देईन. ते खोटे असेल. तू ते वाच.

नाजी मुकबिल

बफेलो, ७ मार्च १९९९

शायिफ हिझाम यास नाजी मुकबिलचा सलाम.

तुझे बोलावणे मिळाले. फार आनंद झाला. मेंढीची गोष्ट तू अजून विसरला नाहीस, हे पाहून लाज वाटली. ती पळाली होती आणि मी तिच्यामागे धावलो होतो, असे मी सर्वांना सांगत आलो आहे.

इथे बर्फ अजून आहे. कारखान्याच्या जागेवर महापालिकेने एक मोठा फलक लावला आहे. त्यावर आमच्या चौघांचे ते छायाचित्र आहे, घराएवढे. रुळांवरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला आम्ही हसून दाखवतो. स्ताशेक म्हणतो, "माझ्या जाकिटाची बटणं तरी खरी वाटतात, तुझं हसू बघ." तो तुला नमस्कार सांगतो. त्याने या वेळी तुझे नाव घेतले. पूर्वीची ती हाक त्याने सोडली आहे. ओडेलने घरामागे टोमॅटो लावले आहेत.

तिळाचा पाव टपालाने पाठवला आहे. शिळा पोहोचेल; चहात बुडवून खावा.

येण्याचे फार मनात होते. तिकिटाची चौकशीही केली होती. पण दोन दिवसांपासून अंगात ताप आहे. एकशे तीन. तू हसशील, म्हणून सांगतो, या वेळी खरा आहे. फुलवाल्याचे दुकान तर केव्हाच बंद झाले, आता त्याच्यासमोर मला कोण पाहणार? बरे वाटले की बघू.

तुझा उजवा कान जप. अरवास सलाम. तिचे अक्षर आता सुधारले आहे.

वाचणाऱ्यास सूचना: हे पत्र आहे तसे वाचावे. यात गाळण्याजोगे काही नाही.

नाजी